मदत हवी आहे: ट्रेडमध्ये (संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीत) नेतृत्वाची किंमत कशी लावतात?

मंडळी, घरात पोराशी जुंपलीये, तुम्हीच निवाडा करा.

२०१८ मध्ये एनबीएतल्या (उत्तर अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) टोरंटो रॅप्टर्स संघाने डीमार डीरोझनला सॅन अँटोनिओच्या संघाला धाडून कवाय लेनर्ड आणला. डीरोझन नऊ हंगाम तिथेच खेळलेला, संघाचा चेहरा. कवाय दुखापतीमुळे आदल्या हंगामात जेमतेम ९ सामने खेळलेला, शिवाय वर्षभरात सोडून जाण्याची मुभा असलेला. तरी २०१९ चं विजेतेपद आलं. फिलाडेल्फियाविरुद्धच्या मालिकेत सातव्या, निर्णायक सामन्यातला त्याचा शेवटचा शॉट रिंगवर चारदा उडून आत पडला. बाहेर पडला असता तर? (मी सोफ्यावरून उठलो होतो, चहा सांडला.) आणि मग गडी क्लिपर्स या दुसऱ्या संघाकडे गेलाच.

पोरगा म्हणतो, ट्रॉफी आली, विषय संपला. मला वाटतं, काईल लाउरीसारखा जुना जाणता संघात राहिला म्हणून निभावलं. जिवलग मित्र डीरोझन गेल्यावरही त्याने संघ धरून ठेवला.

नियमित एनबीए बघणाऱ्यांनो, सांगा: ट्रेड जोखताना पॉइंट्स आणि पगाराची जुळवाजुळव कळते, पण ड्रेसिंग रूममधलं वजन कशावरून ओळखायचं? हार्दिक मुंबईत कर्णधार म्हणून परतला तेव्हाही मला हाच प्रश्न पडला होता.