क्रेडिट देता म्हणून पैसे नाहीत, हे कुठलं गणित?

कॉपीवाली
परवा इथे एका जाहिरात एजन्सीवाल्यांनी लिहिलं होतं, "इंटर्नला क्रेडिट मिळतात, तेच त्याचं मानधन. शिक्षणाचे पैसे आपण भरतो, मागत नाही." दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

हिशोब मांडू. क्रेडिट म्हणजे पदवीसाठी जमवायचं अभ्यासाचं माप. एका क्रेडिटचे ३० तास. ऑन जॉब ट्रेनिंगचे (ओजेटी, म्हणजे कामावर जाऊन शिकायचं) ४ क्रेडिट, म्हणजे १२० तास. रोजचे आठ धरले तर पंधरा दिवसांत संपतं. पण पंधरा दिवसांसाठी मुंबईत कोण घेतं? तीन महिने द्या म्हणतात. महिन्याचे २५ दिवस धरले तरी ६०० तास होतात. क्रेडिट १२० तासांचे. उरलेले ४८० तास कुणाच्या खात्यात गेले?

माझी भाची बीएएमएमसीच्या, म्हणजे माध्यमांच्या पदवीच्या, शेवटच्या वर्षाला आहे, जाहिरात विषय घेतलाय. पीआर म्हणजे जनसंपर्काच्या एजन्सीत तिला सकाळी आठला पोचायचं असतं, म्हणून बदलापूरहून सहाच्या आधीची लोकल. काम काय, तर पेपर चाळायचे, क्लायंटची बातमी कापायची, तिने किती जागा घेतली ते पट्टीने कॉलम सेंटिमीटरमध्ये मोजायचं, त्या पेपरच्या जाहिरातदराने गुणून एक्सेलमध्ये भरायचं. तीन महिने हेच. पत्रकाराला एक फोन करू दिला नाही तिला. पासाचे पैसे माझ्या बहिणीने भरले.

पेठेतला_स्टुडिओ
ताई, माझी पुण्यात बारा माणसांची एजन्सी आहे. पहिला दीड महिना मुलाचा उपयोग शून्य. ब्रीफ, म्हणजे क्लायंटला काय हवंय तो कागद, वाचता येत नाही, फाइलला नाव देता येत नाही. माझी सिनियर डिझायनर रोज दीड तास त्याच्यामागे घालवते, तिचा पगार मीच देतो ना? गेल्या वर्षी एकाने स्वतःची पोस्ट क्लायंटच्या पेजवर टाकली. रात्री अकरा वाजता मी क्लायंटच्या हातापाया पडत होतो. आणि कॉलेजकडून तीन महिन्यांत एक फोन नाही! मोठ्या एजन्सीचा राग आमच्यावर काढू नका.

मास्तरीण
फोन कोण करणार? माझ्याकडे ६४ मुलं, मेंटॉर मी एकटी, तीही तासिका तत्त्वावर. मेंटॉरिंगचा एक तासही माझ्या बिलात धरत नाहीत. तरी मी रविवारी घरून फोन करते, तर एजन्सीचे लोक "मीटिंगमध्ये आहोत" सांगून ठेवून देतात. मुलं मामाच्या दुकानाच्या लेटरहेडवर सर्टिफिकेट आणतात ते याचमुळे. जिथे कुणी शिकवतच नाही, तिथे जायला त्यांना मी कोणत्या तोंडाने सांगू?

नांदेडकर
आमच्याकडे एजन्सी म्हणजे पेपरला जाहिराती पाठवणारं ऑफिस. टेंडर नोटीस, वाढदिवस, श्रद्धांजली. मी ओजेटी तिथंच केलं. एका श्रद्धांजलीत आजोबांच्या नावातलं 'राव' राहिलं, तर मालकांनी मलाच घरी पाठवलं माफी मागायला. जाहिरात तपासून सोडायची कशी, ते त्या दिवशी कळलं. महिन्याला ३,००० पण दिले त्यांनी.

मग मुंबईला दुसरी इंटर्नशिप, बिनपगारी. "तू मराठी आहेस ना? एवढं करून दे," म्हणून १४ प्रेस नोट इंग्रजीतून मराठी करून घेतल्या. रिपोर्टमध्ये लिहिलं, 'असिस्टेड टीम', म्हणजे फक्त टीमला मदत केली.

कॉपीवाली
हेच! मराठी कॉपीचं, म्हणजे जाहिरातीच्या मजकुराचं, बजेट शून्य आणि काम इंटर्नच्या गळ्यात. म्हणून होर्डिंगवर "आम्ही आपली मदत करू" येतं. मदत तुम्हाला करतात हो, तुमची नाही!

पेठेतला_स्टुडिओ
क्लायंट हिंदी कॉपी पाठवतो आणि "संध्याकाळपर्यंत मराठी करा" म्हणतो. वेगळे पैसे मागितले तर दुसरीकडे जातो. मी काय करू?

कॉपीवाली
नाही म्हणा. वीस वर्षं मी मराठी कॉपी लिहिते. 'भाषांतर' म्हणून शब्दाला दर लावला की नाही म्हणते. तुम्ही वीस वर्षाच्या पोराकडून फुकट करून घेता, म्हणून माझ्या कामाला किंमत उरत नाही.

पेठेतला_स्टुडिओ
'तुम्ही' म्हणजे कोण? मला ओळखता का तुम्ही? माझ्याकडच्या मराठी कॉपीला मी पैसे मोजतो. उगाच आरोप नकोत.

नांदेडकर
भांडू नका. पण सर, त्या १४ प्रेस नोटांपैकी ९ पेपरात जशाच्या तशा छापून आल्या. माझे शब्द होते ते. कात्रणं अजून जपून ठेवलीत.

मास्तरीण
आणि तीच कात्रणं कॉपीवालींची भाची पट्टीने मोजत असेल. बातमीला जाहिरातीचा दर लावणं म्हणजे पीआरची किंमत नव्हे, हे या धंद्यातल्या लोकांनीच २०१० साली बार्सिलोना प्रिन्सिपल्समध्ये मान्य केलंय. मी वर्गात तेच शिकवते. मुलगी ऑफिसात जाऊन उलटं शिकते आणि त्याचे क्रेडिट मीच देते. फार वाईट वाटतं.

पेठेतला_स्टुडिओ
क्लायंटला शेवटी रुपयांतला आकडाच लागतो मॅडम, पण तो मुद्दा सोडा. सरकारने २०२४ मध्ये पीएम इंटर्नशिप योजनेत इंटर्नला महिना ५,००० ठरवले. तसं काही आम्हाला द्या, आम्ही मुलांना देऊ.

मास्तरीण
२०२४ च्या नियमांत पूर्णवेळ शिकणाऱ्यांना ती योजना लागूच नव्हती.

पेठेतला_स्टुडिओ
बरं. मग माझ्यापुरतं सांगतो. ताईंचा ४८० तासांचा हिशोब मला खोडता आला नाही, काल रात्री करून बघितला. १२० तासांपुरतं मी शिकवणार, पैसे देणार नाही, यावर मी ठाम आहे. त्यापुढे कामावर ठेवून घेतलं तर जाण्यायेण्याचा आणि जेवणाचा खर्च देईन. पगार म्हणणार नाही त्याला.

कॉपीवाली
पगार म्हणा किंवा म्हणू नका, द्या म्हणजे झालं. पण १२० तास कधी संपले हे ठरवणार कोण? ओजेटीच्या डायरीत एजन्सीची सही फक्त शेवटच्या पानावर असते.

मास्तरीण
रोजच्या तासांचा रकाना आमच्या डायरीत नाही. या बॅचला मी हाताने आखायला लावते. रोज सही.

नांदेडकर
मॅडम, 'आज काय लिहिलं' असा पण एक रकाना आखा ना.