मदत हवी आहे: अल्पसंख्याक शिष्यवृत्तीवरील तक्रारीला उत्तर कसे द्यावे?

उंबरवाट (धागाकर्ता)
नमस्कार. शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य या नात्याने पालकांच्या एका लेखी तक्रारीला उत्तर देण्याचे काम माझ्या गळ्यात पडले आहे आणि सोमवारच्या बैठकीपूर्वी मसुदा तयार हवा आहे. एकाच वर्गात बसणाऱ्या, सारख्याच गरीब घरच्या दोन मुलांपैकी एकाला धर्मामुळे सरकारी शिष्यवृत्ती मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही, हा अन्याय नव्हे काय, अशी तक्रार आहे. अशा योजनेला कायद्याचा आधार कोणता आणि तो पालकांना समजेल अशा भाषेत कसा मांडावा, एवढेच मला हवे आहे. कृपया राजकीय वाद नको. त्यासाठी इथे पुष्कळ धागे आहेत.

कारकून_अव्वल
योजना कोणती, केंद्राची की राज्याची? मुले कोणत्या इयत्तेत आहेत? शाळा सरकारी, अनुदानित की विनाअनुदानित? "सरकारी शिष्यवृत्ती" एवढ्यावरून कोणी काही सांगू शकेल असे वाटत नाही, कारण उत्पन्नाची मर्यादा आणि पात्रतेचे नियम प्रत्येक योजनेत वेगळे असतात.

तुटका_दुवा
पालकांचे बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, हे आधी तपासा. खाते जोडलेले असूनही एनपीसीआयच्या (आधारवरून रक्कम खात्यात वळवणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत दुसऱ्याच बँकेचे नाव असेल, तर रक्कम त्या दुसऱ्या खात्यात जाते आणि आपल्याला ती मिळालीच नाही असे वाटत राहते. आमच्या परिचयातील बहुतेक तक्रारींचे मूळ तेथेच निघाले.

उंबरवाट
खात्याचा प्रश्नच नाही, कारण ज्यांची तक्रार आहे त्यांच्या मुलाला शिष्यवृत्ती मंजूरच झालेली नाही. शाळा म्हटल्यावर योजना केंद्राची मॅट्रिकपूर्वच (दहावीपर्यंतची) असणार, हे मला वाटले उघड आहे. दोन्ही मुले यंदा, म्हणजे २०२२-२३ मध्ये, नववीत आहेत. आता कोणी मूळ प्रश्नाचे उत्तर देईल का?

न्यायप्रविष्ट
देतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५(१) प्रमाणे शासनाला केवळ धर्माच्या कारणावरून भेदभाव करता येत नाही आणि या योजनेविरुद्धचा मुख्य आक्षेप तोच होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये योजना वैध ठरवली. गुजरात सरकारने तर ती राबवण्यासच नकार दिला होता (तेव्हा खर्चाचा २५ टक्के वाटा राज्याने उचलायचा होता), आणि तेथील उच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने फेब्रुवारी २०१३ मध्ये तीन विरुद्ध दोन अशा मतांनी योजनेच्या बाजूने निर्णय दिला. लाभार्थी धर्मावरून ओळखला जात असला तरी मदतीचे कारण त्या समाजाचे शैक्षणिक मागासलेपण आहे, आणि ते मुस्लिमांच्या स्थितीवरील २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातून समोर आलेले आहे, असा बहुमताचा साधारण रोख आहे. मसुद्यात हे दोन निर्णय पुरेत. मात्र दोन न्यायमूर्तींचे मत वेगळे होते हेही लिहावे. पाचांपैकी दोघांना पटलेला आक्षेप पालकांनी घेतला म्हणून त्यांना अडाणी ठरवण्याचे कारण नाही.

सरळ_रेघ
निर्णय काहीही असोत, उपाय एकच आहे: धर्म आणि जात हे दोन्ही रकाने अर्जातून काढावेत आणि फक्त उत्पन्न पाहावे. गरिबीला धर्म नसतो.

पानवठा
सरळ_रेघ, उत्पन्नाची अट या योजनेत पहिल्यापासून आहे आणि ती बरीच कडक आहे. मॅट्रिकपूर्व योजनेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख रुपयांपेक्षा कमी, मॅट्रिकोत्तरसाठी २ लाखांपेक्षा कमी आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या गुणवत्ता-नि-साधन (मेरिट-कम-मीन्स) योजनेसाठी अडीच लाखांपर्यंत हवे. शिवाय मागील परीक्षेत ५० टक्के गुण हवेत आणि एका कुटुंबातील दोनच मुलांना लाभ मिळतो. अनुसूचित जातींच्या नववी-दहावीच्या योजनेत हीच मर्यादा अडीच लाख आहे. म्हणजे सारखेपणाचाच आग्रह असेल, तर अल्पसंख्याक पालकही याच तक्रारीवर सही करतील.

सरळ_रेघ
मग सहा धर्मांची (मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि जैन) मोट एकत्र का बांधली, हे तरी सांगा. २००१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता ६४.८ टक्के होती. मुस्लिमांची ५९.१, बौद्धांची ७२.७ आणि जैनांची ९४.१ टक्के होती. जैन समाजाला २०१४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले गेले. मागासलेपण हे कारण असेल, तर ९४ टक्के साक्षर समाज या यादीत कसा बसतो?

न्यायप्रविष्ट
प्रश्न रास्त आहे, पण १९९२ च्या राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग कायद्याखाली केंद्र सरकार समाज अधिसूचित करते, आणि त्यासाठी मागासलेपणाची अट नाही. जैन कुटुंबाचे उत्पन्न १ लाखाच्या आत असेल, तर ते कुटुंब गरीबच आहे. केरळने मागासलेपण पाहून वेगळी वाटणी केली होती: ८० टक्के शिष्यवृत्त्या मुस्लिमांना आणि २० टक्के लॅटिन कॅथलिक व धर्मांतरित ख्रिश्चनांना. केरळ उच्च न्यायालयाने २८ मे २०२१ रोजी ती रद्द केली आणि सर्व अधिसूचित अल्पसंख्याकांना लोकसंख्येच्या प्रमाणात लाभ देण्यास सांगितले. मला स्वतःला हा निर्णय अडचणीचा वाटतो, कारण लोकसंख्येच्या प्रमाणात वाटायचे ठरले की ज्या मागासलेपणामुळे योजना सुरू झाली, ते हिशेबातूनच निघून जाते.

शोधनिबंध
या निमित्ताने अल्पसंख्याक संशोधकांसाठीच्या मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्तीचाही विषय घ्यावा. ती २०२२-२३ पासून बंद करताना इतर योजनांशी ती परस्परव्याप्त असल्याचे कारण संसदेत दिले गेले. एम.फिल. आणि पीएच.डी. करणाऱ्यांवर याचा थेट परिणाम होणार आहे.

कारकून_अव्वल
शोधनिबंध, आपला मुद्दा महत्त्वाचा आहे, पण नववीतल्या मुलाच्या पालकांना त्याचा उपयोग नाही. उंबरवाट, शाळेच्या प्रकाराबद्दल आपण अजून सांगितलेले नाही. आणि तक्रार एकाच पालकाची आहे का?

उंबरवाट
शाळा अनुदानित आहे. तक्रारीवर दोन सह्या आहेत, पण दुसरी सही ज्या बाईंची आहे त्या स्वतः अल्पसंख्याक समाजातील आहेत, म्हणून मी तिचा उल्लेख केला नाही. त्यांच्या थोरल्या मुलीचा नववीचा अर्ज पुढे गेला. धाकट्या मुलाचा सातवीचा अर्ज परत आला. त्यांनी याच कागदावर सही का केली, ते मला कळलेले नाही.

पानवठा
अहो, मग आपल्यापुढे दोन तक्रारी आहेत आणि त्यांचे रोख एकमेकांच्या विरुद्ध आहेत. दुसरी समजून घ्या. २०२२-२३ पासून ही योजना नववी-दहावीपुरती करण्यात आली. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते आठवीचे शिक्षण मोफत असल्याने तेथे शिष्यवृत्तीची गरज नाही आणि सामाजिक न्याय व आदिवासी खात्यांच्या मॅट्रिकपूर्व योजनाही नववी-दहावीपुरत्याच आहेत, असे त्यासाठी सांगितले गेले. ऐकायला हे समतेचे वाटते. परंतु पहिली ते पाचवीच्या घरी राहून शिकणाऱ्या मुलाला जी रक्कम मिळत असे ती फी नव्हतीच. तो महिन्याला १०० रुपयांचा निर्वाहभत्ता होता आणि वर्षात दहाच महिने मिळे. फी माफ असली म्हणून वह्या आणि बूट फुकट येत नाहीत. शिवाय अर्ज भरून घेऊन, उत्पन्नाचे दाखले काढायला लावून मग वर्षाच्या मध्यात नियम सांगितला गेला. त्या बाईंचा राग बहुधा त्यावरच असेल.

सरळ_रेघ
ही गोष्ट मला माहीत नव्हती आणि वर्षाच्या मध्यात नियम बदलणे चूकच आहे. तरीही पहिल्या पालकांना आपण काय सांगणार? न्यायालयाचे निर्णय वाचून दाखवले की त्यांच्या मुलाला पुस्तके मिळतील का?

कारकून_अव्वल
मिळणार नाहीत, म्हणून मसुद्यात कायद्याला एक परिच्छेद द्यावा आणि उरलेले पत्र त्या मुलाला काय मिळू शकते यावर लिहावे. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, म्हणजे एनएमएमएस, हिला धर्माची अट नाही. सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील मुलांना नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख आहे आणि परीक्षा आठवीत द्यावी लागते. याउलट अल्पसंख्याक योजनेत नववीच्या, घरी राहणाऱ्या मुलाला प्रवेशशुल्काचे ५००, शिक्षण शुल्काचे महिना ३५० आणि निर्वाहभत्त्याचे महिना १०० धरले, तर दहा महिन्यांचे जास्तीत जास्त ५,००० रुपये होतात. हे आकडे शेजारी शेजारी मांडले की "एकाला सगळे, दुसऱ्याला काहीच नाही" हे चित्र टिकत नाही. अडचण अशी की तो मुलगा आता नववीत आहे. आठवीत असताना शाळेने त्याला परीक्षेला बसवले होते का, हे आपल्या समितीने आधी विचारावे.

तुटका_दुवा
एनएमएमएसलाही खाते आधारशी जोडलेलेच लागते.

उंबरवाट
धन्यवाद. मुख्याध्यापकांना आत्ताच दूरध्वनी केला. गेल्या वर्षी आठवीतून कोणालाच त्या परीक्षेला बसवले नव्हते, असे कळले. त्यांच्या मते कोणी विचारलेच नव्हते. हे पत्रात लिहायचे की नाही, यावर समितीत वाद होणार हे निश्चित.

न्यायप्रविष्ट
लिहावे. तक्रार अन्यायाची आहे आणि त्यातला एवढाच भाग शाळेच्या हातातला होता.

कारकून_अव्वल
आणखी एक. तक्रारदार पालकांचा प्रवर्ग कोणता, हे आपण अद्याप सांगितलेले नाही. इतर मागास, भटके-विमुक्त आणि आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील नववी-दहावीच्या मुलांसाठी केंद्राच्या पीएम-यशस्वी योजनेखाली वर्षाला ४,००० रुपयांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे. ती सरकारी शाळांतील मुलांसाठी आहे, त्यामुळे आपल्या अनुदानित शाळेबाबत जिल्हा कार्यालयात लेखी विचारणा करावी लागेल.

उंबरवाट
तक्रारीत प्रवर्ग लिहिलेला नाही आणि मीही विचारला नाही. उद्या दोन्ही पालकांना बोलावले आहे. विचारून इथेच लिहितो.