मदत हवी आहे – ६ वर्षांच्या गॅपनंतर रिझ्युमे कसा लिहू?

नमस्कार मंडळी, मी नाशिकची, बीकॉम, २०१२ ते २०१८ एका सीएंच्या ऑफिसात अकाउंट्सला होते, व्हॅट असल्यापासून ते जीएसटी आला तोपर्यंत सगळं केलंय, मग मुलगी झाली आणि जॉब सोडला. आता ती शाळेत जाते तर मला परत सुरू करायचंय, मनापासून. जुना रिझ्युमे काढला तर त्यात वडिलांचं नाव, मॅरिटल स्टेटस, छंद, खाली डिक्लेरेशन, हे सगळं अजून ठेवतात का हो? मला तरी ती जागा कामाला द्यावी असं वाटतं.

मेन अडचण गॅपची. मधल्या काळात आमच्या सोसायटीचे हिशोब मीच बघत होते, मेंटेनन्सची बिलं, बँक रिकन्सिलिएशन (बँकेच्या स्टेटमेंटशी हिशोब जुळवणं), ऑडिटची तयारी, पण पगार नव्हता, मग ते अनुभवात लिहू की वेगळं? टॅली ईआरपी ९ या अकाउंटिंग सॉफ्टवेअरवर हात बसलेला, त्याचं नवं व्हर्जन टॅली प्राइम आत्ता शिकतेय, जीएसटीआर-१ आणि ३बी ही जीएसटीची रिटर्न्स पण परत करून बघितली, तर "शिकतेय" असं लिहिलं तर चालेल ना? खोटं काही लिहायचं नाहीये.

कुणी अकाउंट्ससाठी माणसं घेत असेल तर प्लीज सांगा, तुम्ही आधी काय बघता? एकच पान पुरेल का?