अनुभव धागा : भूपेन हजारिका तुम्ही प्रथम कुठे ऐकले?

चांदणवेल (धागालेखिका)
काल रात्री ओटा आवरताना रेडिओवर ‘दिल हूम हूम करे’ लागले आणि ‘रुदाली’ची कॅसेट आणणारे बाबा आठवले. लताबाईंचे गाणे झाले, तरी तेच गाणे भूपेनदांच्या खर्जात ऐकून होईपर्यंत ते घरात कोणाला बोलू देत नसत. हिंदी शब्द गुलजारांचे होते. परंतु असमिया गाण्यांत बहुधा शब्द, चाल आणि गळा ही तिन्ही भूपेनदांचीच असत, हे मला फार उशिरा कळले. आपापल्या आठवणी अवश्य लिहाव्यात.

लोहितकाठ
ताई, मी आसामातल्या तिनसुकियाजवळच्या चहामळ्यात नऊ वर्षे हिशेब लिहीत होतो. १९२६ साली ज्या सदियात त्यांचा जन्म झाला, तिथे जायचे तर तेव्हा लोहित नदी बोटीने ओलांडावी लागे. ‘चमेली मेमसाब’ या असमिया चित्रपटाच्या संगीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, हे मळ्यातल्या बायकांनी मला कधीच सांगितले नाही, पण पाने खुडताना त्या ती गाणी घरच्या ओव्यांसारखी म्हणत. २०१७ साली तिथे झालेल्या ९.१५ किलोमीटरच्या पुलाला त्यांचेच नाव आहे; निवृत्तीनंतर त्यावरून गेलो तेव्हा मला बोलवेना.

पाटपाणी
‘हूम हूम’ म्हणजे नेमके काय, हे कोणी सांगेल का? लहानपणापासून विचारायचे राहून गेले आहे.

लोहितकाठ
छातीतली धडधड. ‘मणिराम देवान’ या जुन्या असमिया चित्रपटात त्यांचेच ‘बुकु हम हम करे’ आहे. हिंदीत तो शब्द तसाच राहिला.

दूरदेशी
मी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. तिथेच १९५२ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि त्याच शहरात अमेरिकन गायक पॉल रोबसन यांचा सहवास त्यांना लाभला. रोबसन यांच्या मिसिसिपी नदीवरच्या गाण्यावरून त्यांनी ‘बिस्तीर्ण पारोरे’ रचले, ज्यात काठावरच्या असंख्य माणसांचा आक्रोश ऐकूनही तू मुकाट का वाहतोस, असे ते ब्रह्मपुत्रेला, म्हणजे ‘बुढा लुइत’ला, विचारतात. याच गाण्याच्या हिंदी रूपात ब्रह्मपुत्रेच्या जागी आपल्याला परिचित असलेली गंगा आली. घरापासून इतक्या दूर, हडसनच्या काठी ते गाणे ऐकताना मला मात्र आमची पुरात गावे बुडवणारी कृष्णा दिसे.

पाटपाणी
५ नोव्हेंबर २०११ रोजी भूपेनदा मुंबईत वारले, त्या संध्याकाळी आमच्या शेजारच्या असमिया वहिनींनी चूल पेटवली नव्हती. आईने त्यांना पिठलंभात नेऊन दिला आणि दोघी रात्री उशिरापर्यंत त्यांची गाणी ऐकत बसल्या. आईला त्यातला एकही शब्द कळत नव्हता.

चांदणवेल
लोहितकाठ, बाबा आता ८४ वर्षांचे आहेत. ‘बुकु हम हम करे’ त्यांना आजच, जेवणाआधी ऐकवते.