काळ्या जमिनीत, उघड्या अंगणात निवडुंगाची बाग: पावसाळ्याचं काय करायचं?

सातारकरीण

नमस्कार मंडळी. साताऱ्यात आमचं बैठं घर आहे. पुढे दक्षिणेला साधारण पंधरा बाय दहा फुटांचा तुकडा मोकळा आहे, दिवसभर खणखणीत ऊन. माझे सगळे निवडुंग आजवर गच्चीवर कुंड्यांत वाढले: दोन गोल्डन बॅरल, बऱ्याच मॅमिलारिया, काही अ‍ॅस्ट्रोफायटम, एक सेरियस, एक त्रिधारी आणि ती लाल डोक्याची कलमी मून कॅक्टस. दर जूनला सगळ्यांना जिन्याखाली हलवते. आता सेरियस माझ्या डोक्याच्या वर गेलाय, कुंडीसकट उचलायला दोन माणसं लागतात. म्हणून त्यांना जमिनीत कायमचं घर द्यायचं मनात आहे.

अडचण अशी की जमीन काळी. पावसात चिखल आणि मे महिन्यात हात जाईल अशा भेगा. नर्सरीत विचारलं तर म्हणाले, दोन फूट खणा, कोकोपीट आणि वाळू भरा. हे बरोबर आहे का? वर छप्पर लागेलच का? अंगणात शेड उभी करायची माझी अजिबात इच्छा नाही. लावायचं कधी? आणि घरात चार वर्षांचा मुलगा आहे, तेही लक्षात घेऊन सांगा.

माळावरची

ताई, खणू नका. काळ्या मातीत खड्डा करून त्यात वाळू भरली की तो हौद होतो. आजूबाजूचं सगळं पाणी त्यात उतरतं आणि तळाची चिकण माती ते सोडत नाही. वरून बाग कोरडी दिसते, खाली मुळं पाण्यात उभी असतात. कोकोपीटही नको. ते पाणी फार दिवस धरतं, आणि एकदा पार वाळलं की नंतर पाणी घेतच नाही. निवडुंगाला दोन्ही जाचक.

बाग जमिनीच्या वर चढवा. कडेला काळे दगड नुसते रचा, सिमेंट न लावता, म्हणजे फटींतून पाणी निघून जातं. कडेला फूटभर, मध्ये दोन फूट उंची आणि उतार घराच्या भिंतीपासून बाहेरच्या बाजूला. तळाला विटांचे तुकडे आणि डबर. त्यावर दोन भाग बारीक खडी (बांधकामवाले कच म्हणतात ती) किंवा विटांचा चुरा, एक भाग चाळलेला मुरूम, एक भाग पोयटा आणि जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत मिळून. क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) वापरणार असाल तर आधी धुऊन घ्या, तिच्यातली भुकटी ओली होऊन घट्ट बसते. भरून झालं की मधोमध बादलीभर पाणी ओता. ते वर थांबलं तर खडी कमी पडली आहे, आणखी मिसळा. झाडं लावल्यावर वरून दोन इंच खडीचा थर पसरा. झाडाची मान, म्हणजे बुंधा मातीला मिळतो ती जागा, कोरडी राहते आणि पावसात चिखल अंगावर उडत नाही.

आता पावसाचं. हे निवडुंग बहुतेक मेक्सिकोकडचे आणि तिथेही पाऊस उन्हाळ्यातच पडतो. पण तिथे सर येऊन गेली की पुन्हा ऊन पडतं. आपल्याकडे जुलैत आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही. झाड पाणी ओढत नाही, माती वाळत नाही आणि त्या ओलीत बुरशी मुळांत शिरते. म्हणून माझं ठाम मत: पाऊस अडवायच्या आधी पाणी निघून जायची वाट करा आणि कोणतं झाड बाहेर ठेवायचं ते नीट निवडा.

सेरियस आणि त्रिधारी उघड्यावर निभावतील. गोल्डन बॅरल उंचवट्यावर चांगले रुजले की तेही, पण पहिल्या पावसाळ्यात त्यांच्यावर चार बांबू रोवून पॉलिहाउसचा पारदर्शक कागद ताणा, बाजू मोकळ्या ठेवा. सप्टेंबर संपला की काढून टाका. अ‍ॅस्ट्रोफायटम आणि केसाळ मॅमिलारिया मात्र जमिनीत लावू नका. कुंडीसकट खडीत कडेपर्यंत पुरा, नोव्हेंबर ते मे बागेतलीच वाटतात, जूनला उचलून ओसरीत. मग कायमचं छप्पर लागत नाही. मून कॅक्टसच्या लाल डोक्यात हरितद्रव्य नसतं, ती खालच्या हिरव्या खुंटाच्या अन्नावर जगते. साताऱ्याचं ऊन तिला नाही सोसणार, ती ओसरीतच बरी.

लावणी दिवाळीनंतर. ऑक्टोबरचं ऊन सरलेलं असतं आणि पुढे थंडीभर झाडाला रुजायला वेळ मिळतो. कुंडीवर दक्षिणेच्या बाजूला खडूने खूण करा आणि जमिनीत लावताना तीच बाजू दक्षिणेला ठेवा. सावलीतली बाजू अचानक उन्हात आली की पिवळट-पांढरा डाग पडतो, तो पुढे खरखरीत होऊन कायम राहतो. पहिल्या एप्रिल-मे महिन्यांत दुपारपुरती पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी धरा. थंडीत दोन-तीन आठवड्यांनी एकदा पाणी, उन्हाळ्यात आठवड्याला एकदा, तेही संध्याकाळी.

सेरियस हलवताना जुनं गोणपाट गुंडाळा आणि आडवा धरून न्या. कुंपणाच्या भिंतीपासून आणि विजेच्या तारांपासून लांब लावा, तो पुष्कळ वाढतो. रात्री त्याची मोठी पांढरी फुलं उमलतात, तेव्हा खिडकीतून दिसेल अशी जागा बघा. हे मी अगदी आग्रहाने सांगते.

चिपळूणचा_माळी

वरचं सगळं घाटावर ठीक. कोकणात कुणी हा धागा वाचून तसंच करू नका. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, उंचवटा कितीही केला तरी बॅरल टिकत नाही. इथे पारदर्शक पत्रा हवाच. उघड्यावर मी फक्त फड्या निवडुंग, ड्रॅगन फ्रूट आणि त्रिधारी ठेवतो.

ताई, मेच्या अखेरीस कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच-तीन ग्रॅम घेऊन एक फवारणी द्या. तरी बुडाशी मऊ तपकिरी डाग दिसलाच तर थांबू नका. धारदार सुरी स्पिरिटने पुसून डागाच्या वरून कापा. कापाच्या मधल्या गोलात तपकिरी ठिपका दिसत असेल तर आणखी वर कापा. पूर्ण स्वच्छ काप मिळाला की गंधकाची भुकटी लावून सावलीत ठेवा. वरचा भाग जगतो.

कातळवाट

थोडं वेगळं सांगतो. तुमची त्रिधारी कॅक्टस नाही, युफोर्बिया आहे. तोडली की पांढरा चीक निघतो. डोळ्यात गेला तर फार वाईट, तेव्हा मुलाच्या वाटेवर ती नको. फड्या निवडुंगही मागेच ठेवा. त्याचे मोठे काटे दिसतात तरी, बारीक कुसळं दिसत नाहीत आणि बोटात शेकड्यांनी घुसतात. चिकटपट्टी लावून ओढली की बरीचशी निघतात.

फड्याला आपण गावचाच समजतो, पण तोही अमेरिकेचा. १७९५ मध्ये लाल रंगासाठी म्हणून भारतात कोचिनील किडा आणला, तो भलत्याच जातीचा निघाला आणि त्याने इथल्या एका जातीच्या निवडुंगाचा फडशा पाडला. पुढे १९२६ मध्ये माजलेल्या फड्याच्या बंदोबस्तासाठी त्याच किड्याची दुसरी जात मुद्दाम आणली.

आपल्या मातीतलंही काही लावा ना. माकडशिंग, खर्पुडी. आणि शिंदळ माकुडी, शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. जगात फक्त महाराष्ट्रात, शिवनेरीसारख्या कड्यांवर उगवते. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून नाव पडलं. पावसाळ्यात पानं येतात, नंतर गळतात, फूल गडद लालसर. एक विनंती कळकळीची: कड्यावरून उपटून आणू नका. दुर्मिळ आहे. फांदीपासून सहज लागते, तेव्हा कुणाच्या बागेतली फांदी मागा.

सातारकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. खणायचं रद्द, दगड सांगून ठेवते. एक शंका राहिली: सेरियसच्या खाचांत पांढरं कापसासारखं काही दिसतंय. हाच तो कोचिनील का?

माळावरची

काडीने चिरडून बघा. गडद लाल रंग सुटला तर कोचिनील. पण तो मुख्यतः फड्याच्या जातकुळीवर येतो, सेरियसवर बहुतेक पिठ्या ढेकूणच असणार. संध्याकाळी कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून एकेक टिपा, आठवड्याने पुन्हा. लगेच उन्हात ठेवू नका.

आणि कुंडीतून काढाल तेव्हा मुळं जरूर बघा. मुळांवर पांढरी पूड दिसली तर तीच कीड खालीही आहे. ती तशीच गेली तर सगळ्या वाफ्यात पसरते आणि मग जमिनीतून निघत नाही. जुनी माती पूर्ण झाडा, मुळं धुवा, कुजकी कापा आणि आठवडाभर सावलीत वाळवून मगच लावा. लावल्यावरही पहिले आठ-दहा दिवस पाणी देऊ नका.