अनुभव धागा: लांबचं विमान, खरे तास किती?

पाचपाखाडीची आई: लेक न्यू जर्सीत. मुंबई-न्यूयॉर्क सरळ अंतर साधारण 12,500 किमी. तिकिटावर जाताना सोळा तासांच्या आसपास, येताना चौदा. ह्यांना पहिल्यांदाच एकटं पाठवतेय. तुमचे अनुभव लिहा, पण विमानातले नकोत, दारापासून दारापर्यंतचे तास सांगा.

घणसोलीकर: फरक वाऱ्याचा, काकू. वर दहा-अकरा किलोमीटरवर जोरदार वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. अमेरिकेला जाताना तो समोरून, परतताना पाठीवर. एअर इंडियाने 2016 मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर वाढून सुमारे 15,300 किमी झालं, तरी साडेचौदा तासांत पोचलं! त्यामुळे नुसते किलोमीटर बघू नका. आणि एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं, तेव्हा वळसा आला तो वेगळाच.

नेरूळ पूर्व: आम्ही दुबईमार्गे जातो. लोकांना वाटतं फार लांब पडतं. मुंबई-दुबई सुमारे 1,900, दुबई-न्यूयॉर्क सुमारे 11,000. म्हणजे जेमतेम चारेकशे किलोमीटर जास्त. वेळ खातो तो मधला मुक्काम. पण माझ्या सासूबाईंना तो हवाच असतो, पाय मोकळे होतात. दीड तासाचा मुक्काम मात्र घेऊ नका, ज्येष्ठांची धावपळ होते.

घोडबंदरवाला: सोळा तासांचं कौतुक नको. संध्याकाळी घोडबंदर रोडवर गायमुखला ट्रेलर बंद पडला की मुंबई विमानतळाचं टी-2 (टर्मिनल 2) हेच परदेश. आमच्याकडे रात्री दोनच्या विमानासाठी जेवून साडेआठलाच निघतात. लवकर पोचलं तर बसून राहायचं, पण बीपी नॉर्मल!

कोपरखैरणे, लेक: बाबांना इन्शुलिन आहे, म्हणून लिहिते. रात्री निघालेलं विमान त्याच तारखेला सकाळी न्यूयॉर्कला उतरतं, कारण तिथलं घड्याळ उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तास मागे. तो दिवस नेहमीपेक्षा तेवढा लांबतो. डोस कधी घ्यायचे, हे डॉक्टरांकडून आधी कागदावर लिहून घेतलं. इन्शुलिन हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट. खालच्या सामानात अजिबात नाही, तिथे गोठू शकतं. बाबा घड्याळ भारताच्याच वेळेवर ठेवून बसले होते, ते एका परीने बरंच झालं.

उलवे: नवी मुंबईचं विमानतळ डिसेंबर 2025 मध्ये सुरू झालं, घराजवळच. मी तिथून देशातलंच विमान धरलंय, त्यामुळे लांबचं सांगत नाही. पण काकू, तिकिटावर टी-2 लिहिलंय का ते बघा, ड्रायव्हरलाही नीट सांगा. काकांना चालायच्या वाटेलगतची, बाथरूमजवळची सीट घ्या. व्हीलचेअर आत्ताच नोंदवा, ऐनवेळी मागितली तर ताटकळावं लागतं.

पाचपाखाडीची आई: नोंदवली. ते म्हणतायत, "मी चालतो." बघू या.