आपल्या भागाची पुस्तकं: शोध, पारख, डागडुजी

गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचे सरकारी ग्रंथ), कुलवृत्तान्त (एकेका घराण्याचा इतिहास नि वंशावळ), ग्रामदैवताची माहात्म्यं, शाळेच्या नि नगरपालिकेच्या शताब्दीच्या स्मरणिका. यातली बहुतेक पुस्तकं दुकानात येतच नाहीत. कुठे नि कशी शोधायची, घेताना काय तपासायचं, कशी टिकवायची ते लिहा. आठवणींपेक्षा नेमकी माहिती हवी.

*

शोध जुन्या जिल्ह्याच्या नावाने घ्या. सिंधुदुर्ग १९८१ साली रत्नागिरीतून निघाला, त्यामुळे मालवण-कुडाळची माहिती ब्रिटिशकालीन गॅझेटियरच्या दहाव्या, 'रत्नागिरी आणि सावंतवाडी' या खंडात (१८८०). रायगड म्हणून शोधाल तर काही हाती लागणार नाही. 'कुलाबा' बघा, खंड अकरावा, १८८३. सांगली १९६० पर्यंत 'दक्षिण सातारा' होती. पालघर २०१४ पर्यंत ठाण्यात. वसई 'बसीन'खाली मिळते.
गॅझेटियर पहिल्या पानापासून वाचू नका. ठिकाणांचं प्रकरण वेगळं आणि इंग्रजी वर्णक्रमाने असतं, आधी तेच उघडा. पुण्याच्या अठराव्या खंडाचे तीन भाग आहेत नि ठिकाणं तिसऱ्यात. एकच भाग घेऊन घरी येणारे पुष्कळ.

*

जुनं मराठी पुस्तक असेल तर शं. ग. दाते यांची ग्रंथसूची (छापील मराठी पुस्तकांची यादी) बघा. पहिला टप्पा १८०० ते १९३७. तिथे नाव सापडलं की रत्नागिरी, नाशिक, ठाणे, पुणे इथल्या शतक ओलांडलेल्या वाचनालयांत विचारायला जायचं, आधी नाही. नुसतं 'गावाबद्दल काही आहे का' विचारलं की उत्तर ठरलेलं: नाही.
मुखपृष्ठावर शके असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा; पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतची तिथी दिली असेल तर ७९. एका वर्षाच्या फरकाने पहिली आवृत्ती दुसरी ठरते.

*

कुलवृत्तान्त घेताना आधी मागचं पुठ्ठं उघडा. वंशवृक्षाची घडीपानं तिथे असतात नि तीच आधी फाटतात. अनुक्रमणिकेत जितकी पत्रकं लिहिली आहेत तितकी मोजा. शुद्धिपत्र आणि पुरवणीही बघा, नावांच्या दुरुस्त्या तिथेच असतात. पुन्हा बांधलेल्या प्रतीत बाइंडरने कडा कापताना समासातली जुनी टिपणं गेलेली असतात, किंमत त्या हिशेबाने करा.
स्मरणिकेतल्या जाहिराती फाडून टाकायची खोड कुणी लावली कोण जाणे! बंद पडलेल्या पेढ्यांचे पत्ते, तीन आकडी फोन नंबर दुसरीकडे मिळत नाहीत.

*

कोकणात स्मरणिकांचा पहिला शत्रू त्यांच्याच पिना. गंज कागदात उतरतो नि मधलं पान सुटतं. पिनेचे पाय बोथट सुरीने सरळ करून बाहेरच्या बाजूने उपसा, ओढू नका. त्याच भोकांतून सुती दोरा घाला.
फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीच नाही. पाचसात वर्षांत गोंद पिवळा होऊन अक्षरांत मुरतो. त्याऐवजी खळ करा: गव्हाचा स्टार्च (मैदा नव्हे) एक भाग, पाणी पाच भाग, मंद आचेवर वीसेक मिनिटं सतत ढवळा, थंड झाल्यावर गाळा. पातळ जपानी कागदाची पट्टी कापू नका, ओल्या रेघेवर फाडा, म्हणजे कडेचे तंतू नीट बसतात. चिकटवल्यावर दोन्हीकडे बटर पेपर, वर वजन, रात्रभर. खळ दोन-तीन दिवसांत आंबते, थोडीच करा. मोरचूद घालायची जुनी रीत कीड थांबवते खरी, पण तांबं कागदाला ठिसूळ करतं.
कसर लागली असेल तर पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर दव पानांवर धरतं. बुरशीवर डांबरगोळ्यांचा उपयोग शून्य, तिथे वारंच लागतं.

*

स्कॅन करून वाटायचं असेल तर लेखकाच्या निधनाचं वर्ष बघा. पुढच्या १ जानेवारीपासून साठ वर्षं हक्क (कॉपीराइट) चालतो: निधन १९६४ चं असेल तर १ जानेवारी २०२५ पासून मोकळं. लेखकाचं नावच नसलेल्या पुस्तिकेला प्रकाशनापासून मोजतात. मजकुराला ३०० डीपीआय पुरे.